कांडवेल आणि तिचे द्राक्षकुळ



वसंतातल्या व्याख्यानासाठी विषय निवडायचा म्हणजे वक्त्याने मोगऱ्याकडे पाहावे, फार तर पळसाकडे. आम्ही मात्र आज आपल्यापुढे जी वेल घेऊन आलो आहोत तिला ना सुगंध, ना शोभा. या दिवसांत तर तिच्या अंगावर पानही नसते. कुंपणावर, बाभळीवर, पडक्या भिंतीवर हिरव्या साखळीचा गुंता कोणी टाकून दिला असावा, तशी ती दिसते. तिचे नाव कांडवेल. कोणी हाडजोडी म्हणतात, कोणी चौधारी. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. पाहून पुढे गेलेले त्याहूनही पुष्कळ असतील.

अशा वेलीवर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे आपण विचाराल. आम्ही तीन प्रश्न घेऊन आलो आहोत. ही वेल कोणाच्या नात्यातली? नागपूरच्या उन्हाळ्यात ती जगते कशी? आणि तिसरा, तिच्या नावातच बसलेला प्रश्न: ती खरोखर हाड जोडते काय? पहिले दोन प्रश्न ज्ञानाच्या आनंदाचे आहेत. तिसऱ्याशी मात्र कोणाच्या तरी लेकराच्या हाताचा संबंध येतो. म्हणून तो शेवटी, पण सर्वांत सावकाश घेऊ.

आधी ओळख करून घेऊ. कांडवेलीचे खोड बोटाएवढे जाड, रसाळ आणि चौकोनी असते. चारही कडांना पातळ पंख फुटलेले असतात. दर चार-सहा बोटांवर खोड एकदम आवळते. तेथे पेर असते. पेरापेराने आवळत गेल्यामुळे वेल साखळीसारखी, किंवा पाठीच्या मणक्यांच्या माळेसारखी दिसते. पावसाळ्यात पेराशी एकेक पान येते. जाडसर, हृदयाच्या आकाराचे, कधी तीन पाळ्यांचे. पानाच्या समोरच्या बाजूस एक तणावा फुटतो. फुले इतकी बारीक, की शोधावी लागतात, पाकळ्या चार. पुढे वाटाण्याएवढी लाल फळे धरतात.

संस्कृत ग्रंथांत हिला वज्रवल्ली, अस्थिशृंखला आणि अस्थिसंहारी म्हटले आहे. या शेवटच्या नावाने कित्येक जण बिचकतात. संहार म्हणजे नाश, मग हाडांचा नाश करणारी वेल औषधी कशी? परंतु संहार या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र आणणे, गोळा करणे असाच आहे. महाभारतातल्या संहाराची आपल्याला इतकी सवय झाली, की शब्दाचा पहिला, सौम्य अर्थ आपण विसरलो. अस्थिसंहारी म्हणजे हाडे एकत्र आणणारी. लोकांनी त्याचेच भाषांतर हाडजोडी असे केले. किंवा कोण जाणे, लोकांच्याच नावाचे पंडितांनी संस्कृत केले असेल.

येथे एक सावधगिरी सांगतो. हाडजोडी हे नाव वेगवेगळ्या मुलखांत वेगवेगळ्या वनस्पतींना दिलेले आहे. झाडांवर वाढणाऱ्या एका बांडगुळालाही कोठे कोठे याच अर्थाच्या नावाने ओळखतात. तेव्हा नावावर विसंबू नये, खुणा पाहाव्यात. चौधारी खोड, आवळलेली पेरे, पानासमोर तणावा. आणि मोडल्यावर जर पांढरा चीक आला, तर ती कांडवेल नव्हेच. तो शेराच्या किंवा त्रिधारी निवडुंगाच्या जातीचा कोणी विषारी गृहस्थ असावयाचा. कांडवेलीचा रस चिकट खरा, पण दुधासारखा नसतो.

आता कुळाकडे वळू. लिनेअसने १७६७ साली हिला शास्त्रीय नाव दिले सिसस क्वाड्रँग्युलॅरिस. दुसरा शब्द चौकोनीपणाचा. पहिला ग्रीक भाषेतल्या आयव्ही नावाच्या वेलीवरून आलेला. पण आयव्हीशी तिचे नाते नाही. तिचे नाते आहे द्राक्षाशी. होय, नाशिकच्या मांडवावर लोंबणाऱ्या द्राक्षाशी! ही कुंपणावरची कोरडी साखळी आणि तो रसाळ घड एकाच कुळातले आहेत, हे ऐकून आपल्याला हसू येणे साहजिक आहे. पण श्रीमंत आणि गरीब चुलतभावांचे नाक सारखे असते ना, तसे या दोघांचेही आहे. ते नाक म्हणजे तणावा.

इतर पुष्कळ वेलींचे तणावे पानाच्या बगलेतून, किंवा पानाच्याच टोकातून फुटतात. वाटाण्याकडे पाहा, त्याच्या पानाचा शेंडाच तणावा झालेला असतो. द्राक्षकुळात मात्र तणावा पानाच्या बरोबर समोर, खोडाच्या दुसऱ्या बाजूस येतो. बागाईतदार त्याला बाळी म्हणतात. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखवले, की द्राक्षाचा तणावा म्हणजे मुळात फुलांचा देठ आहे. काही देठ पूर्ण फुलांचे, काही अर्धे फुलांचे आणि अर्धे तणाव्याचे, काही निव्वळ तणाव्याचे, अशा सगळ्या पायऱ्या एकाच वेलीवर सापडतात. म्हणजे या कुळाने फुलांवर खर्चण्याचे बळ थोडे काढून घेतले आणि त्याचा हात केला. ज्याला स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही, त्याने आधाराला धरण्याची कला शिकावी, हा या कुळाचा कुळाचार आहे.

हे कुळ मोठे आहे. सुमारे साडेनऊशे जाती त्यात मोजल्या जातात. त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशांतल्या आणि रानटी. आपण खातो ते द्राक्ष हाच त्यात अपवाद. विदर्भाच्या रानांत यांतली कित्येक मंडळी आहेत. रानद्राक्षाची मोठाली गोल पाने आणि काळी फळे पावसाळ्यानंतर जंगलात दिसतात. आंबटवेल ही शेताच्या बांधावरची. तीन पानांची, आंबट चवीची. बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली, की तिच्या पाल्याचा लेप लावण्याची जुनी चाल ग्रंथांत नोंदलेली आहे. सह्याद्रीकडे पावसाळ्यात ज्याचे कोंब भाजीसाठी खुडतात तो दिंडादेखील आता वनस्पतिशास्त्रज्ञ याच कुळात धरतात. मात्र त्याला तणावे नाहीत, तो आपला ताठ उभा राहतो. घराण्यात एखादा निघतो तसा.

कोणी म्हणेल, की या रानटी नातेवाइकांशी आम्हांस काय करावयाचे? आम्ही द्राक्ष खातो, तेवढे पुरे. याला इतिहासाने एक उत्तर देऊन ठेवले आहे. १८६०च्या पुढे फ्रान्समधल्या द्राक्षबागा एकाएकी वाळू लागल्या. फिलॉक्झेरा नावाचा बारीक किडा अमेरिकेतून आला आणि मुळे पोखरू लागला. नाना उपाय झाले. अखेर बागा वाचल्या त्या अमेरिकेच्या रानटी द्राक्षांच्या मुळांवर. त्या रानवेलींना हा किडा ओळखीचा होता. त्यांनी त्याच्याशी जगायचे शिकून घेतले होते. खाली रानटी खुंट, वर फ्रेंच डोळा, अशी कलमे बांधली गेली आणि एका राष्ट्राचा उद्योग तरला. हे फार लांबचे वाटत असेल, तर जवळचे सांगतो. आपल्या महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांना पाण्याची टंचाई आणि क्षारवट जमीन यांनी गांजले, तेव्हा बागाईतदारांनी डॉगरीज नावाचा खुंट मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. हा डॉगरीज मूळचा टेक्सासच्या रानातला. म्हणजे पाचामुखी गोड लागणारा नाशिकचा घड एका परदेशी रानवेलीच्या पायांवर उभा आहे. रानटी भाऊबंद घराण्याला कधी उपयोगी पडतील याचा नेम नसतो. आणि एकदा ते नाहीसे झाले, की हाक मारायला कोणी उरत नाही.

आता आम्ही आपल्याला याच शहराच्या दगडांकडे नेतो. द्राक्षकुळाचा सर्वांत जुना पुरावा जगात कोठे सापडला असेल? इराणात? भूमध्य समुद्राच्या काठी? नाही. तो आपल्या मध्य भारतात, दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांत सापडला.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी या प्रदेशावर लाव्हा वाहत होता. पण तो अखंड वाहत नव्हता. एक लोंढा आला, थंडावला. मग काही हजार वर्षे शांतता. त्या शांततेत खळग्यांतून तळी साचली, काठावर झाडी उगवली, फळे पाण्यात पडली. पाण्यातली गारगोटीची द्रव्ये त्या फळाबियांत शिरली आणि पेशी न् पेशी दगडात उतरली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने सगळ्यावर झाकण घातले. दोन लोंढ्यांमधल्या या थरांचा अभ्यास प्रथम ज्यांनी मन लावून केला, त्यांत नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी आहे. ते मिशनरी होते. सहकारी हंटर यांच्यासह त्यांनी सीताबर्डीची टेकडी आणि टाकळीचे थर तपासले, तेथली फळे, बिया, शिंपले गोळा केले. नागपूरच्या भूगर्भावरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १८६३ साली नदीत बुडून त्यांचा अंत झाला. हिस्लॉप कॉलेज आपण सर्व जण जाणतो. ते ज्यांच्या नावाने आहे, ते आपल्या टेकड्यांचे पहिले वाचक होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

पुढे याच थरांवर नागपूरच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. त्यांत डॉ. श्यामला चितळे यांचे नाव आदराने घ्यावयास हवे. १९१८ साली जन्मलेल्या या विदुषींनी नागपुरात वनस्पतींच्या जीवाश्मांवर संशोधन केले, विद्यार्थी घडवले. आणि निवृत्तीचे वेध लागावेत त्या वयात अमेरिकेस जाऊन, क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९८० साली जीवाश्म वनस्पतींचा विभाग उभा केला. २०१३ साली स्टीव्हन मँचेस्टर, भंडाऱ्याच्या महाविद्यालयातले दशरथ कापगते आणि जुन वेन या तिघांनी दख्खनच्या थरांतल्या फळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती द्राक्षकुळाची, आणि तोवर माहीत असलेल्यांत सर्वांत जुनी फळे ठरली. त्यांना नाव दिले इंडोव्हायटिस चितळेयी. भारताचे नाव, द्राक्षाचे नाव आणि आपल्या नागपूरच्या एका अध्यापिकेचे नाव, अशी तीन नावे एका बीत बसली.

ते बी द्राक्षकुळाचेच, हे ओळखले कशावरून? त्यासाठी घरी एक प्रयोग करा. बियांचे द्राक्ष खाल, तेव्हा बी टाकून देण्यापूर्वी तळहातावर घेऊन पाहा. पोटाच्या बाजूस दोन उभे खळगे दिसतील आणि पाठीवर मध्यभागी एक गोलसर ठसा. दोन खळगे आणि एक ठसा, ही या कुळाची मुद्रा आहे. सहा कोटी वर्षांत राज्ये तर सोडाच, खंडे सरकली, हिमालय उभा राहिला. पण ही मुद्रा बदलली नाही. २०२४ साली कोलंबियातही सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचे असेच बी सापडल्याचे प्रसिद्ध झाले. राक्षसी सरडे नाहीसे झाल्यावर झाडी तुडवणारे कोणी उरले नाही, रान दाटले आणि दाट रानात चढणाऱ्या वेलींचे फावले, असा तर्क त्या संशोधकांनी मांडला आहे. तर्कच तो, पण विचार करण्याजोगा.

दुसरा प्रश्न जगण्याचा. वैशाखात आपल्या शहराचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आपण वाळ्याचे पडदे सोडतो, कूलर लावतो, कांदा खिशात ठेवतो. कुंपणावरच्या या बाईला यांतले काही नाही. ती काय करते? पहिली गोष्ट, पाने टाकून देते. पान म्हणजे पाणी उडून जाण्याचे दारच. पाने गेली, की हिरव्या खोडानेच अन्न शिजवायचे. दुसरी गोष्ट अधिक चतुराईची. अन्न करण्यासाठी वनस्पतीला हवेतला कर्बवायू आत घ्यावा लागतो आणि त्यासाठी अंगावरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात. दिवसा उघडली तर वायू आत येतो, पण पाणी बाहेर जाते. म्हणून कांडवेलीचे खोड दिवसा दारे बंद ठेवते आणि रात्री, हवा निवल्यावर उघडते. रात्री घेतलेला वायू ते आम्लाच्या रूपाने साठवते, आणि दिवसा सूर्य आला, की बंद दारांआड त्याचेच अन्न करते. बाजार रात्री करायचा आणि चूल दिवसा पेटवायची, असा हा संसार आहे.

या युक्तीची पहिली चाहूल लागली ती आपल्याच देशात, आणि तीही जिभेला. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतिज्ञ दक्षिणेत कंपनी सरकारच्या नोकरीत होता. त्याने पानफुटीचे पान चघळून पाहिले. सकाळी ते आंबट लागले, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. १८१३ साली त्याने हे पत्राने कळवले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा खर्ची पडते, म्हणून हा फरक. कारण उलगडायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. कांडवेलीची गंमत अशी, की पावसाळ्यात येणारी तिची पाने चारचौघांसारखी दिवसा व्यवहार करतात आणि खोड मात्र रात्रीचा. सुगीत एक रीत, दुष्काळात दुसरी. विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगावे लागू नये.

मात्र या वेलीची चव पाहायला कच्चे कांड तोंडात घालू नका. तिच्या रसात चुन्याच्या एका क्षाराचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. जीभ, ओठ, हात यांना चांगलीच खाज सुटते. अळूच्या बाबतीत आपण हे जाणतोच. तमिळ लोक हिला पिरंडै म्हणतात आणि कोवळ्या शेंड्यांची चटणी करतात. त्या गृहिणी हाताला तेल लावून कांडे सोलतात, तेलात खरपूस परततात आणि चिंच घालतात. विद्यापीठात न जाता कमावलेले हे रसायनशास्त्र आहे.

आता तिसरा प्रश्न. हाडजोडी हाड जोडते काय?

परंपरा होय म्हणते. भावप्रकाशासारख्या मान्य निघंटूत ही वेल मोडलेल्या हाडांवर सांगितली आहे. खेड्यापाड्यांत तिचा लेप बांधतात, तुपात तळून पोटात देतात. एवढ्या पिढ्यांचा अनुभव आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आणि आधुनिक वैद्यकानेही तो हसण्यावारी नेला नाही. काशी हिंदू विश्वविद्यालयातले नामवंत शल्यविशारद डॉ. उडुपा आणि डॉ. प्रसाद यांनी १९६३-६४च्या सुमारास प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर रीतसर प्रयोग केले. किरणोत्सारी कॅल्शियम देऊन ते हाडात किती बसते हे मोजले, सांधलेले हाड किती ताण सोसते हे पाहिले. कांडवेलीचा अर्क दिलेल्या प्राण्यांत सांधणे लवकर झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतरही काम चालू राहिले. माणसांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि लहान आहेत. तेव्हा प्रामाणिक उत्तर असे: वेलीत काही गुण असावा असे मानण्यास आधार आहे, पण अमुक मात्रेने अमुक दिवसांत माणसाचे हाड सांधते असे छातीठोक सांगण्याइतका पुरावा नाही.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हाड जोडते कोण? ना वेल, ना प्लॅस्टर, ना डॉक्टर. हाड हाडच जोडते. हाड मोडले, की तेथे रक्त साकळते. त्या गाठीत नव्या पेशी येतात, दोन-तीन आठवड्यांत मऊ, कूर्चेसारखे कच्चे हाड तयार होते, मग त्यात चुना भरून ते कठीण होते आणि पुढे कित्येक महिने ते घासून-तासून पूर्ववत आकाराला येत राहते. लहान मुलाच्या हाताचे हाड तीन ते सहा आठवड्यांत धरते. मोठ्या माणसाच्या मांडीला तीन-चार महिने लागतात. हे काम देह आपोआप करतो. मग वैद्याचे काम काय? दोन टोके समोरासमोर आणायची आणि ती हलू द्यायची नाहीत. टोके वाकडी राहिली, तरी हाड जुळेल. पण वाकडे जुळेल. देहाला जुळवणे कळते, सरळ करणे कळत नाही.

येथेच हाडजोडीच्या कीर्तीचे एक रहस्य आहे. नुसती चीर गेलेले, जागेवरचे हाड वेल बांधली तरी सांधते, न बांधली तरी सांधते. श्रेय मात्र वेलीला मिळते, कारण ती डोळ्यांना दिसते; आत चाललेले काम दिसत नाही. आणि ज्यांचे वाकडे जुळले, ते गावभर सांगत फिरत नाहीत.

आम्ही हाडवैद्यांची निंदा करण्यास उभे नाही. ज्या गावांत डॉक्टर नव्हता, क्ष-किरण यंत्र नव्हते, तेथे शतकानुशतके त्यांनीच लोकांची हाडे बसवली. पुष्कळांनी पैसाही न घेता. आजही लोक त्यांच्याकडे जातात ते निव्वळ अज्ञानाने नव्हे. इस्पितळ दूर असते, खर्च झेपत नाही, कापाकापीची भीती वाटते आणि हाडवैद्य ओळखीचा, आपल्या बोलीत बोलणारा असतो. ही कारणे खरी आहेत आणि त्यांचे उत्तर इस्पितळांनी द्यावयाचे आहे. पण एक धोका असा आहे, की तो सांगितल्यावाचून या व्यासपीठावरून उतरणे आम्हांस बरे वाटणार नाही.

मूल आंब्यावरून पडते. कोपरापाशी हात सुजतो. कोणी लेप थापतो, वर बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळून बांधतो. आत सूज वाढत असते. बाहेरून पट्टी सैल होत नाही. मग दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो. सहा-आठ तास हे चालले, की स्नायू मरू लागतात; पुढे ते आकसतात आणि पंजा चिमट्यासारखा वाकडा होतो. फोल्कमान नावाच्या जर्मन शल्यवैद्याने १८८१ साली याचे वर्णन केले, त्यालाही दीडशे वर्षे होत आली. कधी बोटे काळी पडतात आणि हातच काढावा लागतो. हाड तर जोडले असते, हात गेला! आणि हे केवळ कामट्यांनी होते असे नाही. इस्पितळात घातलेले प्लॅस्टर घट्ट झाले, तरी हेच होते. शत्रू वेल नाही, लेप नाही, प्लॅस्टरही नाही. शत्रू आहे आवळलेली पट्टी आणि घरच्यांची स्वस्थता.

म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात आणि घरी जाऊन सांगाव्यात. बांधल्यानंतर दुखणे कमी न होता वाढत गेले. बोटे गार, निळसर किंवा पांढरी पडली. मुंग्या आल्या किंवा स्पर्श कळेनासा झाला. बोट कोणी हलकेच सरळ केले तरी मूल किंचाळले. तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. पट्टी कोणी बांधली, त्याला काय वाटेल, मुहूर्त कोणता, हा विचार करू नये. बंधन तात्काळ सैल करावे आणि मध्यरात्र असली तरी इस्पितळ गाठावे. आणि मुळातच, हाड मोडल्याचा संशय आला, की आधी क्ष-किरण चित्र काढावे. राँटजेनने १८९५ साली हा दिवा आपल्या हाती दिला. तो असताना अंधारात चाचपडण्यात काही परंपरेचा मान नाही. हाड सरळ बसले, आधार मिळाला, मग जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने आणि डॉक्टरांना सांगून कोणी कांडवेल पोटात घेतली, तर आम्ही आड येणार नाही. आधी रेषा सरळ, मग औषध. क्रम उलटला की अनर्थ.

आणखी एक गोष्ट. ही वेल आता डब्यांतून, गोळ्यांच्या रूपाने देशोदेशी विकली जाते. कोठे सांधेदुखीवर, कोठे वजन उतरवण्यासाठी, कोठे पैलवानकीसाठी. जिचे एक काम पुरते सिद्ध झालेले नाही, तिच्या गळ्यात दहा कामांच्या माळा घालण्यात आल्या आहेत. रानवेलीचा असा गौरव तिच्या हिताचा नाही, घेणाऱ्याच्याही नाही.

मग तिच्यासाठी आपण काय करावे? आपल्या शहरातली जुनी काटेरी कुंपणे गेली, विटांच्या आणि पत्र्याच्या भिंती आल्या. कुंपण गेले तसे कुंपणावरचे जगही गेले. आंबटवेल गेली, गुंज गेली, कांडवेल गेली. वेल नाहीशी झाल्यावर तिचे नाव काही दिवस भाषेत राहते, मग तेही जाते. फार मोठे काही मागत नाही. दोन-तीन पेरांचा एक तुकडा घ्यावा, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावा आणि कुंडीत किंवा भिंतीच्या कडेला खोचावा. पाणी बेतानेच घालावे. पावसाळ्यात पान येईल. पानासमोर तणावा फुटेल. मुलांना तो दाखवावा. एखादी काडी जवळ रोवून, दोन-चार दिवसांत तणावा तिला कसा वेढतो ते त्यांना पाहू द्यावे. मग त्यांना सांगावे, की हिच्या पूर्वजांची फळे आपल्या मुलखाच्या दगडांत झोपलेली आहेत आणि त्यांना आपल्या गावच्या एका बाईचे नाव आहे.

या वेलीने आम्हांस एवढे मात्र शिकवले, की जुन्याचे प्रेम आणि खऱ्याची चाड या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती नाहीत. वेलीवर प्रेम करावे आणि तिला न जमणारे काम तिच्यावर लादू नये. आपल्या मुलांच्या हातांसाठी तेवढा विवेक आपण बाळगला, तर हाडजोडी हे नाव तिला शोभेल आणि जाणतेपणा आपल्याला.